लॅब्रॅडॉरचं (लॅबचं) पिल्लू घ्यायचंय. चांगला ब्रीडर ओळखायचा कसा? (आधीचं पार्व्हो या विषाणूच्या आजाराने गेलं)

तिसरा_मजला (पुणे), २ फेब्रुवारी

नमस्कार. आधी काय झालं ते सांगते, मग प्रश्न विचारते.

गेल्या जुलैच्या शेवटी आम्ही लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेतलं. हायवेलगतच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये एका माणसाने गाडीच्या डिकीतल्या खोक्यातून काढून ते माझ्या लेकीच्या हातात दिलं. त्याआधी मोबाईलवर फोटो पाहिले होते आणि २ हजार टोकन पाठवलं होतं. "आई गावाकडे आहे, तुम्हाला एवढ्या लांब यायचा त्रास कशाला?" असं तो म्हणाला आणि आम्हालाही ते सोयीचं वाटलं. वंशावळीच्या कागदांसह १८ हजार, कागदांशिवाय १२. आम्हाला शोमध्ये न्यायचं नव्हतं, म्हणून १२ वालं घेतलं. ४५ दिवसांचं आहे, पहिली लस झालीय, असं सांगून त्याने लशींची पुस्तिका दिली. तिच्यात एक स्टिकर होतं. सही कोणाची ते वाचता येत नव्हतं आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही नव्हता. हे सगळं मी नंतर पाहिलं.

रविवारी आणलं. लेकीने नाव ठेवलं बुंदी. बुधवारपर्यंत घरभर धावत होती. गुरुवारी सकाळी खाल्लं नाही, दुपारी उलट्या सुरू झाल्या, रात्री रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी तोंड उघडून दात पाहिले आणि म्हणाले, हे जेमतेम महिन्याचं आहे. चार दिवस सलाईन लावलं. सोमवारी पहाटे ती गेली. त्या माणसाचा फोन तेव्हापासून लागत नाही.

लेक नऊ वर्षांची आहे. पाच-साडेपाच महिने तिने कुत्र्याचा विषय काढला नाही. संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ वाटून आली आणि म्हणाली, "आपण परत आणू या, पण या वेळी पिल्लाची आई बघून आणू या."

तर मला विचारायचंय की ब्रीडर खरा आहे हे आमच्यासारख्या माणसांनी ओळखायचं कशावरून? "लायसन्स आहे", "पेपर आहेत" असं सगळेच सांगतात. दुसरं, ज्या घरात पार्व्हो झाला तिथे नवीन पिल्लू आणणं सुरक्षित आहे का? आणि घराची तयारी काय करावी? घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, दोन बेडरूम, सगळीकडे गुळगुळीत फरशी. मी आठवड्यातून तीन दिवस घरून काम करते. सासूबाई घरीच असतात, त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. मला हे या वेळी नीट करायचंय.

---

वाड्यातली (वाई), २ फेब्रुवारी

बुंदीचं वाचून फार वाईट वाटलं. चार दिवस सलाईन लावून बसलेलं घर कसं असतं ते मला माहीत आहे.

माझ्याकडे २००९ पासून लॅब आहेत. तेरा वर्षांत घरात पाच वेतं झाली, शेवटचं २०२२ मध्ये. आता मी पिल्लं देत नाही, आहेत त्या दोन म्हाताऱ्या कुत्र्या सांभाळते. त्यामुळे ही जाहिरात समजू नका.

तुम्ही विचारलंत, ओळखायचं कशावरून. माझं उत्तर एका शब्दाचं आहे: वही.

कुत्री व्यायली की ज्याला पिल्लांची काळजी आहे त्याला लिहून ठेवावंच लागतं, पर्याय नसतो. लॅबला एका वेळी सात-आठ पिल्लं सहज होतात, कधी दहा. जन्मतः साधारण ३५० ते ४५० ग्रॅम वजनाची, सगळी एकसारखी दिसतात. म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर सैल बांधायची आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज सकाळी वजन करायचं. निरोगी पिल्लू आठ-दहा दिवसांत दुप्पट होतं. एखाद्याचं वजन दोन दिवस जागच्या जागी राहिलं तर त्याला दूध मिळत नाहीये किंवा ते आजारी आहे, आणि हे डोळ्यांना दिसायच्या आधी काट्यावर दिसतं. पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. मी तीन आठवडे पिल्लांच्या पेटीशेजारी गादी टाकून झोपायचे. २०१४ च्या वेतातलं हिरव्या लोकरीचं पिल्लू तिसऱ्या दिवशी २० ग्रॅमने उतरलं, ते वहीतल्या आकड्यामुळे कळलं आणि वाचलं. ते अकरा वर्षं जगलं, कराडला.

म्हणून ब्रीडरकडे गेलात की विचारा, "या पिल्लाचं जन्माचं वजन किती होतं? जंताचं औषध कधी कधी दिलं? या वेतात किती झाली, किती जगली?" ज्याने ती वाढवलीत तो वही उघडेल, किंवा न उघडताच सांगेल की ही पिवळी सगळ्यांत शेवटी झाली, हिचे डोळे बाराव्या दिवशी उघडले. ज्याने गोळा करून आणलीत त्याच्याकडे सांगायला काही नसतं. तो भाव सांगतो, नाहीतर "आज दुसरी पार्टी येणार आहे" म्हणतो.

लेक म्हणाली तसं आईला बघाच. फोटोत नको, व्हिडिओतही नको, पिल्लांसोबत त्याच जागेत बघा. ती हडकलेली असेल, केस गळलेले असतील, त्याने घाबरू नका. सात जणांना पाजल्यावर कुठलीही आई तशीच दिसते. तिचा स्वभाव बघा. पहिल्या दिवसांत ती थोडी सावध असेल, पण पिल्लं महिन्याची झाल्यावरही ती माणसांना बघून कोपऱ्यात दबत असेल तर भीती पिल्लांतही उतरलेली असते. बाप तिथे नसेल तर हरकत नाही, चांगला ब्रीडर बरेचदा दुसरीकडे जाऊन लावून आणतो. पण तो कुठला, कोणाचा, हे त्याला सांगता आलं पाहिजे.

मग आईचं वय आणि हे कितवं वेत, हे विचारा. २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबद्दलचे. त्यांनुसार ब्रीडरची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे हवी आणि प्रमाणपत्र दिसेल असं लावलेलं हवं. अठरा महिन्यांच्या आत आणि आठ वर्षांनंतर कुत्रीला व्यायला लावायचं नाही, बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त वेत नाही, आयुष्यात पाचाच्या वर नाही. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. तुम्हाला पार्किंगमध्ये ४५ दिवसांचं म्हणून दिलं, ते त्याचं म्हणणं खरं असतं तरीही नियमाबाहेरचंच होतं. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. दर माजाला लावली तर ती चौथ्या वर्षीच संपते. मी अशी एक कुत्री पाहिली आहे, स्तन जमिनीला टेकलेले, खालच्या हिरड्या मोकळ्या, वय पाच. जिथे वर्षभर केव्हाही फोन केला तरी पिल्लू "अव्हेलेबल" असतं, आणि लॅबबरोबर पग, शित्झू, हस्कीही मिळतात, तिथे त्या पिल्लांच्या आया कुठे आहेत हे विचारायलाच हवं.

आठ आठवड्यांचा आग्रह मी स्वतः चुकून शिकले. पहिल्या वेताची पिल्लं मी ४२ व्या दिवशी देऊन टाकली, सगळे तसंच करायचे. त्यातलं एक चार महिन्यांनी परत आलं, घरातल्या मुलांना चावतं म्हणून. खेळताना जोरात चावलं की भावंड ओरडतं, खेळ थांबवतं, आई दटावते. चावा किती हलका ठेवायचा हे पिल्लू तिथे शिकतं, आणि त्याचे खरे दिवस पाचव्या ते आठव्या आठवड्यातले. ते दिवस मी त्याच्याकडून काढून घेतले होते. त्याला मी ठेवून घेतलं, पण त्याला शिकवायला मला दीड वर्ष लागलं. त्या पिल्लाची माफी मागावी असं मला अजून वाटतं.

कागदांबद्दल. केनेल क्लब ऑफ इंडियाचा (मुख्यालय चेन्नईला) कागद वंशावळ सांगतो. आई-बाप कोण, आजोबा-पणजोबा कोण. तब्येत सांगत नाही. तरी घ्यावा, आणि त्यावरचा मायक्रोचिपचा नंबर डॉक्टरांकडच्या रीडरवर पिल्लाशी जुळवून बघावा. एकाच वेताचे "कागदांसह" आणि "कागदांशिवाय" असे दोन भाव सांगितले की तिथून उठावं. नोंदणी अख्ख्या वेताची होते. काही पिल्लं नोंदवलेली आणि काही नाहीत, हे प्रामाणिक घरात का घडेल?

लॅबसाठी कागदापेक्षा महत्त्वाचे आहेत खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे. या जातीत खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष बराच आहे आणि तो पिढीतून येतो. पक्का निकाल कुत्र्याची वाढ पूर्ण झाल्यावरच्या एक्स-रेवरूनच मिळतो, म्हणून एक्स-रे न दाखवता कुत्रीचे "हिप्स एकदम परफेक्ट" असं कोणी सांगितलं तर ते फक्त तोंडचं बोलणं. दृष्टी हळूहळू जाण्याचा एक आनुवंशिक आजारही आहे, त्याची डीएनए तपासणी होते. आपल्याकडे फार थोडे लोक हे करतात. माझी पहिली कुत्री जिंजर तीन वर्षांची असताना एक्स-रे काढला, खुबे वाईट निघाले. तोवर तिचं एक वेत झालं होतं. त्या आठही घरांना मी फोन करून सांगितलं आणि तिला पुन्हा लावली नाही. ब्रीडरला हा प्रश्न विचारा आणि उत्तर ऐका. "काढले नाहीत, पण तिची आई बारा वर्षं चालत होती, या तिच्या मालकाशी बोला" असं म्हणणारा माणूस, "आमच्याकडे असले प्रॉब्लेम नसतात" म्हणणाऱ्यापेक्षा मला जास्त पटतो.

आता उलट बाजू. त्याने तुम्हाला प्रश्न विचारले पाहिजेत. मी विचारायचे: दुपारी घरात कोण असतं? मे महिन्यात आणि गणपतीत गावाला गेलात तर कुत्रं कुठे? घर भाड्याचं असेल तर मालकाला माहीत आहे का? घरात कोणाला नको आहे? या शेवटच्या प्रश्नाला नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागले की मी चहा देऊन पाठवून द्यायचे. आणि लिहून घ्यायचे, की कधीही, कुठल्याही वयात सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं परत माझ्याकडेच यायचं. २०१९ मध्ये एक असं परत आलं, सात वर्षांचं. मालकीण वारली होती. पुढची पाच वर्षं ते आमच्याकडे राहिलं.

तुम्हाला मी सासूबाईंबद्दल विचारलं असतं. लॅबची मादी वर्षाच्या आत २५ किलोची होते आणि प्रेमाने अंगावर येते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती पाडू शकते. ब्रीडरला हे सांगा आणि वेतातलं शांत पिल्लू मागा. निवड त्याच्यावर सोडा. आठ आठवडे त्याने बघितलंय, तुम्ही अर्धा तास बघणार. तुमच्या पायाशी धावत आलेलं पिल्लू बहुधा सगळ्यांच्याच पायाशी धावत जातं, आणि वेतातलं सगळ्यांत दांडगं तेच असतं.

घराच्या तयारीचं उद्या लिहिते, आता संध्याकाळचं खाणं द्यायचंय.

---

निवृत्त_पशुधन (लातूर), ३ फेब्रुवारी

पार्व्होपुरतं लिहितो, पशुवैद्यकीय दवाखान्यात ३१ वर्षं काढली आहेत.

लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. रविवारी आणलेलं पिल्लू गुरुवारी आजारी पडलं याचा अर्थ ते बहुधा लागण घेऊनच आलं होतं. तुमच्या घरात काही चुकलं म्हणून नव्हे. हे लेकीलाही सांगा.

विषाणू चिवट आहे. विष्ठेतून बाहेर पडतो, सावलीतल्या मातीत महिनोन् महिने टिकतो, वर्षभरही. फिनाईलवर भरवसा ठेवू नका. कपड्यांचं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी. आधी फरशी साबणाने स्वच्छ घासायची, कारण मळ असेल तर ब्लीच निकामी होतं, मग हे पाणी लावून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. बुंदीची भांडी, पट्टा, अंथरूण उरलं असेल तर टाकून द्या. बाल्कनीतल्या कुंड्यांची माती बदला. सहा महिन्यांनंतर एवढं केलंत तर घराची भीती फारशी उरत नाही. भीती सोसायटीच्या बागेची आणि जिन्याची.

लशीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे की एक टोचली म्हणजे झालं. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून संरक्षण मिळतं. ते अंगात जोरात असेपर्यंत लशीलाही निष्प्रभ करतं, आणि ते नेमकं कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं. कुणात आठव्या आठवड्यात, कुणात चौदाव्या. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत लस द्यायची. मधले डोस "वाढवलेलं बिल" नव्हेत. शेवटच्या लशीनंतर दोन आठवडे होईपर्यंत दुसऱ्या कुत्र्यांची ये-जा असते तिथे पिल्लू जमिनीवर सोडायचं नाही. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. पुस्तिकेत प्रत्येक लशीचं बॅच नंबरचं स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक, चारही हवेत.

जंत आईकडून गर्भातच येतात, दुधातूनही. म्हणून औषध दुसऱ्या आठवड्यापासून, दर पंधरवड्याला. पोट ढोलासारखं फुगलेलं आणि अंग बारीक असं पिल्लू दिसलं तर "छान खातंय" असं समजू नये.

---

गल्लीतली_चिमी (ठाणे), ३ फेब्रुवारी

वेगळा विचार मांडते, रागावू नका. सासूबाईंचे गुडघे आणि फ्लॅट लक्षात घेता, तीन-चार वर्षांची शांत कुत्री दत्तक घ्यायचा विचार केलात का? मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसत असतो, आकार वाढायचा नसतो, लशी झालेल्या असतात. माझी चिमी गल्लीतली, पाऊण वर्षाची असताना आणली. आपल्या हवेत जन्मलेलं जनावर आहे, उन्हाळ्यात एसी लागत नाही. शहरांत सोडून दिलेले लॅबही निवाऱ्यांमध्ये खूप असतात, दुर्दैवाने.

---

वाड्यातली (वाई), ३ फेब्रुवारी

चिमीच्या आईचं म्हणणं बरोबर आहे, आणि हे मी ब्रीडर असताना लोकांना सांगायचे. माझ्याकडेही एक गावठी आहे, घाटावर सापडलेली. लेकीशी बोलून बघा, निदान एकदा निवारा बघून या.

आता घर. पहिली फरशी. पिल्लाचे पाय घसरत फाकतात आणि ज्या खुब्यांसाठी आपण एक्स-रे मागतो तेच बिघडतात. ते जिथे खातं, झोपतं आणि जिथून धावतं तिथे रबरी मॅट नाहीतर जुन्या सतरंज्या टाका, खाली न सरकणारी जाळी घाला. जिने उतरवू नका, उचलून न्या.

सगळं घर एकदम खुलं करू नका. लहान मुलांचं कुंपण मिळतं ते लावून हॉलचा एक कोपरा द्या. दोन वायरी दिसत असतील तर त्या चावल्या जाणार हे धरून चाला. कुंड्यांत सायकस किंवा डायफेनबॅकिया असेल तर शेजाऱ्यांना देऊन टाका, दोन्ही विषारी आहेत. उंदराचं औषध घरात नकोच.

खाणं. पहिले दहा-बारा दिवस ब्रीडर देत होता तेच, त्याच वेळांना, दिवसातून चार वेळा. नंतर बदलायचं असेल तर हळूहळू. दूध-पोळी नको. गाईच्या दुधाने पोट बिघडतं, आणि तुमच्या घरात जुलाब दिसले की सगळ्यांच्या पोटात गोळा येईल. कॅल्शियमचं सिरप कोणीतरी सांगेलच, पण पिल्लांचं तयार खाणं देत असाल तर वरून कॅल्शियम देऊ नका. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या अंगात ते नको तेवढं शोषलं जातं आणि हाडांची वाढ बिघडते. आपल्या घरात कांदा-लसूण सगळ्यात असतो, तो त्यांच्या रक्ताला वाईट. द्राक्षं, बेदाणे, मनुका मूत्रपिंडाला वाईट, म्हणजे सत्यनारायणाच्या शिऱ्याचा घाससुद्धा नाही. सासूबाईंना हे आधी समजावून सांगा, कारण दुपारी लाडाने भरवणाऱ्या त्याच असणार.

आणि एक जुनी, मऊ सुती साडी फाडून तिचा तुकडा ब्रीडरकडे आठवडाभर आधी देऊन ठेवा, पिल्लांच्या पेटीत ठेवायला. घरी आणल्यावर पहिल्या रात्री तोच अंथरायचा.

---

सी_विंग (पिंपरी), ४ फेब्रुवारी

थोडक्यात: महापालिकेचा कुत्रा परवाना काढावा लागतो, त्यासाठी रेबीज लशीचा दाखला लागतो. सोसायटी "कुत्रे पाळायला बंदी" असा ठराव करू शकत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची तशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. तरी आणायच्या आधी शेजाऱ्यांना आणि लिफ्टमध्ये घाबरणाऱ्यांना सांगून ठेवा, पुढचे बरेच वाद टळतात.

---

तिसरा_मजला (पुणे), १७ फेब्रुवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. निवाऱ्यात जाऊन आलो. एक पाच वर्षांची कुत्री लेकीला आवडली, पण आम्ही पोचायच्या दोन दिवस आधीच तिला घर मिळालं होतं. तिथे नाव नोंदवून आलोय.

नंतर दोन ब्रीडर पाहिले, वेगवेगळ्या आठवड्यांत. पहिल्याने बाहेरच्या खोलीत बसवलं आणि आतून तीन पिल्लं आणली. आई बघायची म्हटल्यावर "ती अंगावर येते" म्हणाला. वही विचारली तर त्याला प्रश्नच कळला नाही. लेकीने माझा हात ओढला, आम्ही निघालो.

दुसरं घर सांगलीजवळ. तिथल्या ताईंनी फोनवरच विचारलं, गेल्या काही दिवसांत दुसऱ्या कुठल्या केनेलमध्ये गेला होतात का? पार्व्होचं सांगितलं तर म्हणाल्या, धुतलेले कपडे आणि दुसऱ्या चपला घालून या. दारात चपला काढायला लावल्या, हातपाय साबणाने धुवायला लावले. पिल्लं ३० दिवसांची होती. आई स्वतः उठून आली आणि लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून उभी राहिली. आणि वही होती! साखर कारखान्याची जुनी डायरी, त्यात नऊ रकाने, रंगांची नावं, रोजची वजनं. एका रकान्यात पाचव्या दिवशी रेघ मारलेली होती. ताईंनी तो रकाना लपवला नाही. आईचं हे दुसरं वेत, पहिलं दोन वर्षांपूर्वी. आईचा खुब्याचा एक्स-रे होता, बाप कोल्हापूरचा, त्याचा फोनवर दाखवला. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं.

मग त्यांनी आम्हाला विचारायला सुरुवात केली आणि अर्धा तास विचारत होत्या. सासूबाईंशीही फोनवर बोलल्या. पिल्लू सहा आठवड्यांचं होईल तेव्हा मला रजा मिळत होती, म्हणून तेव्हाच नेऊ का असं विचारून पाहिलं. नाही म्हणाल्या. १४ मार्चला आठ आठवडे होतात, त्याच्या आधी नाही. जांभळ्या लोकरीची मादी आमच्यासाठी ठेवू म्हणाल्या, पण सातव्या आठवड्यात सगळ्यांचा स्वभाव पुन्हा बघून नक्की करणार. साडीचा तुकडा देऊन आलोय.

वाड्यातली ताई, एक शेवटचा प्रश्न. सांगली ते पुणे गाडीने चार-पाच तास, मार्चचं ऊन. कसं आणू?

---

वाड्यातली (वाई), १७ फेब्रुवारी

रेघ मारलेला रकाना दाखवला ना, मग मला आणखी काही विचारायचं नाही.

आदल्या दिवशी सांगलीला मुक्काम करा आणि पहाटे पाचला निघा, म्हणजे ऊन चढायच्या आत पुणं गाठाल. निघण्याआधी तीन तास खाणं नको, पाणी चालेल. तिथलंच पाणी दोन बाटल्या भरून घ्या. मागच्या सीटवर लेक नाही, तुम्ही बसा. पसरट टोपलीत साडीचा तुकडा आणि टोपली मांडीवर किंवा शेजारी घट्ट धरून. वर्तमानपत्रं भरपूर, टॉवेल तीन, कारण पहिल्या तासात उलटी होतेच. रागावू नका, पुसा आणि पुढे चला.

ढाब्यावर, पेट्रोल पंपावर, टोलनाक्याच्या कडेला तिला जमिनीवर ठेवायचं नाही. तिथे शेकडो कुत्री येऊन गेलेली असतात. शी-शू आली की गाडी थांबवा आणि डिकीत वर्तमानपत्र पसरून तिथेच करू द्या. तुम्ही स्वतः उतरलात तर चपलेने गाडीत काही आणू नका, एक जोड बाहेरचा आणि एक आतला ठेवा. एसी लावा, पण झोत तिच्या अंगावर नको.

घरी पोचल्यावर आधी शू करायची जागा दाखवा, मग पाणी, मग झोपू द्या. त्या दिवशी पाहुणे नकोत, लेकीच्या मैत्रिणी आठवड्याने. पहिल्या तीन-चार रात्री कोणीतरी तिच्या कोपऱ्याशेजारी जमिनीवर झोपा, हात लागेल एवढ्या अंतरावर. ती रडेल. आठ भावंडांच्या ढिगात झोपायची सवय असते तिला. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, पण दवाखान्यात बाकावर किंवा खाली ठेवू नका, नंबर येईपर्यंत गाडीत मांडीवरच असू द्या.

वाटेत सुरूर फाटा लागेल, तिथून माझं घर जवळ आहे. त्या दिवशी वळू नका, माझ्या अंगणात कुत्री आहेत. सोळा आठवड्यांची लस होऊन दोन आठवडे गेले की या, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात. लेकीलाही आणा. मला तिला भेटायचंय.